पायथॉनमध्ये दशांश संख्या टक्केवारीत कशी दाखवायची?

बारावीला ६०० पैकी ५१४ गुण मिळाले, तर टक्के किती? तुम्ही लगेच भागाकार करून १०० ने गुणाल. संगणकाला मात्र ५१४/६०० विचारलं, तर तो ०.८५६६६... अशी लांबलचक शेपटी हातात देतो. निकालपत्रावर हे छापता येत नाही. तिथे ८५.६७% असंच दिसायला हवं.

पायथॉनमध्ये यासाठी फॉरमॅट नावाचं फंक्शन आहे. (इथे वाचायला सोपं जावं म्हणून नावं आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते रोमनमध्येच टाइप करा.)

फॉरमॅट(५१४/६००, '.२%')

उत्तर येतं '८५.६७%'. टिंबानंतरचा २ म्हणजे दशांश चिन्हापुढे किती अंक हवेत ते. % म्हणजे "१०० ने गुण आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह लाव". नुसतं '%' दिलंत तर पायथॉन सहा अंक दाखवतो, म्हणजे '८५.६६६६६७%'. एफ-स्ट्रिंगमध्येही हेच चालतं, महिरपी कंसात संख्या लिहून कोलननंतर .२% द्यायचं.

गुणाकार तो स्वतः करतो, हे विसरू नका. तुम्ही आधीच १०० ने गुणून ८५.६७ दिलेत, तर तुमचा विद्यार्थी ८५६७% गुण मिळवेल! एक्सेलमध्येही हीच गंमत होते: सेलमध्ये आधी ८५ लिहिलं आणि मग % चं बटण दाबलं की ८५००% दिसतं. जावा किंवा सी वापरणाऱ्यांची अडचण उलटी. तिथे दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणून ५१४/६०० चं उत्तर ० आणि टक्केही ०. आधी एक संख्या दशांशात बदलून घ्यावी लागते.

काही जण फॉरमॅट न वापरता १०० ने गुणतात आणि इंट() ने दशांश भाग कापून टाकतात. ०.२९ वर करून बघा. उत्तर २९ नाही, २८ येतं. कारण संगणक द्विमान पद्धतीत ०.२९ तंतोतंत साठवू शकत नाही. गुणाकार २८.९९९९... असा येतो आणि इंट() शेपटी कापतो. '.०%' मात्र जवळच्या पूर्णांकाकडे नेतं, म्हणून २९% बरोबर मिळतं.

पण या "जवळच्या"तही एक खोच आहे. आठपैकी पाच प्रश्न बरोबर आले, म्हणजे ०.६२५. शाळेत आपण शिकलो की ६२.५ चे ६३ करायचे. पायथॉन '.०%' ला ६२% दाखवतो! आणि आठपैकी सात आले, म्हणजे ८७.५, तर ८८%. बरोबर मध्यावरची संख्या तो जवळच्या सम संख्येकडे नेतो. जावाचा टक्केवारीचा फॉरमॅटही मुळात असंच करतो, तर एक्सेल ६३% दाखवतं. त्यामुळे तुमची यादी आणि कार्यालयातली एक्सेल शीट जुळली नाही, तर आधी इथे बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा परीक्षेला बसायला ७५% हजेरी लागते. वर्षात २८० तास झाले, एक मुलगी २०९ तासांना हजर होती. '.०%' ने यादीत तिच्यापुढे ७५% छापलं जाईल आणि शेजारी "अपात्र". ती विचारणारच, "सर, ७५ आहेत ना?" खरी हजेरी ७४.६४% आहे, एक तास कमी पडला. दुसरा प्रोग्रामर छापलेल्या आकड्यावरूनच निर्णय घेईल आणि तिला पात्र ठरवेल. एकाच मुलीचे दोन निकाल!

फॉरमॅटने मिळते ती स्ट्रिंग, म्हणजे अक्षरं. ती डोळ्यांसाठी असते, तुलनेसाठी नाही. काठावरच्या याद्यांत मी तरी दोन दशांश अंक दाखवतो, म्हणजे वाद होत नाही. आणि तुलना करताना भागाकारच टाळतो:

हजर * १०० >= ७५ * एकूण

इथे २०९००, तिकडे २१०००. सगळे पूर्णांक, त्यामुळे शेपटीचा प्रश्नच येत नाही. २१० तास भरले असते, तर दोन्ही बाजू २१००० झाल्या असत्या आणि ती पात्र ठरली असती.