तार नाही म्हणून धोका नाही, असे समजू नका
बॅटरीवरची अवजारे वापरताना घ्यावयाची खबरदारी

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या हाती आज बॅटरीवर चालणारी कितीतरी अवजारे आली आहेत. कापड कापण्याचे गोल पात्याचे छोटे मशीन, सुताराचे ड्रिल, पोत्याचे तोंड शिवण्याचे मशीन, दुकानातला इन्व्हर्टर, दारातली विजेची स्कूटर. तारेची कटकट नाही आणि लाइट गेली तरी काम थांबत नाही. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण तार गेली तशी तारेची भीतीही गेली, आणि गफलत इथेच होते. तारेच्या मशीनचा प्लग काढला की मशीन मेले. बॅटरीच्या मशीनमध्ये वीज आतच भरून ठेवलेली असते. बटण बंद असले तरी ती तेथेच असते.

आमच्यावर बेतलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वी आमच्या कटिंगच्या खोलीत कापड कापण्याच्या मशीनचा चार्जर हरवला. बाजारातून स्वस्तात दुसरा आणला. पिन बरोबर बसली, लाल दिवा लागला, आम्ही निश्चिंत झालो. खोलीत दुसरा बोर्ड रिकामा नसल्यामुळे दाराजवळच्या बोर्डावर चार्जर लावायला आम्हीच सांगितले. खाली कतरणीचा ढीग होता. रात्री दोन मुले त्याच खोलीत झोपत असत.

मध्यरात्री एका मुलाला उग्र वासाने जाग आली. बॅटरीतून धूर निघत होता आणि थोड्याच वेळात कतरणीने पेट घेतला. बाहेर पडायला दार एकच, आणि आग दाराशी. दोघे ज्वाळेवरून उडी मारून बाहेर आले. एकाचा पाय भाजला. शेजाऱ्यांनी पाणी मारून आग विझवली. मालाचे नुकसान पुढे भरून निघाले. पण ती मुले आईबापांनी आमच्या भरवशावर पाठवली होती. झोपायची जागा आम्ही दिली होती आणि चार्जरची जागाही आम्हीच दाखवली होती. ही गोष्ट आजही मनातून जात नाही.

चूक कुठे झाली?

अशा मशीनमध्ये लिथियमचे सेल असतात. असा एक सेल सहसा ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. आमच्या बॅटरीत तीन सेल होते, म्हणजे तिला १२.६ व्होल्टचा चार्जर हवा होता. बाजारातून आणलेला चार्जर चार सेलच्या बॅटरीचा, १६.८ व्होल्टचा निघाला. दोघांची पिन एकसारखी. हद्दीबाहेर भरलेला सेल आतून तापतो, फुगतो आणि पेटतो. एक पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो. म्हणून पिन बसते की नाही हे पाहू नका. चार्जरवर छापलेला आउटपुटचा आकडा बॅटरीला लागणाऱ्या आकड्याशी जुळतो का, ते वाचा.

१२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत एका इमारतीला आग लागली. खाली विजेच्या स्कूटरींचे शोरूम होते आणि वरच्या मजल्यांवर लॉज. धूर वर चढला, लोक खोल्यांत अडकले आणि आठ जणांचा जीव गेला. खाली बॅटऱ्या आणि वर झोपलेली माणसे, अशी रचना आपल्या वस्तीत किती ठिकाणी आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

चार्जिंगचे नियम

१) झोपायच्या खोलीत, जिन्यात किंवा दाराच्या वाटेत चार्जिंग करू नये. वाट नेहमी मोकळी हवी.
२) चार्जर कडप्प्यावर किंवा फरशीवर ठेवावा. तागे, कतरण, पुठ्ठा, गादी यांपासून तो दूर असावा.
३) माणूस जागा असताना चार्ज करावे. रात्रभर लावून ठेवू नये.
४) वापरून गरम झालेली बॅटरी निवल्यावरच लावावी. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत चार्ज करायच्या नसतात. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारी एवढी उष्णता सहज होते. त्या दिवसांत सकाळी चार्ज करावे.
५) फुगलेली, आपटलेली किंवा भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. जुन्या लॅपटॉपचे सेल घालून स्वस्तात बॅटरी भरून देणारे भेटतात. कमी-जास्त ताकदीचे सेल एकत्र आले की काही हद्दीबाहेर भरले जातात.
६) नवी बॅटरी घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हा आकडा आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

मशीन हाताळताना

पाते बदलताना, धार लावताना किंवा अडकलेला धागा काढताना आधी बॅटरी बाहेर काढावी. बटण बंद करणे पुरेसे नाही. नकळत अंगठा बटणावर पडतो आणि बोट जाते. कापताना दुसऱ्या हातात स्टीलच्या कड्यांचा मोजा असावा. सुटी बॅटरी खिळे, कात्री, चाव्या यांच्या डब्यात टाकू नये. दोन्ही टोकांना लोखंड लागले की ठिणगी पडते.

इन्व्हर्टरची बॅटरी

हिच्यात तेजाब असते आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. हवेच्या शंभर भागांत हा वायू चार भाग झाला तरी ठिणगीने पेटतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवू नये. तिच्याजवळ विडी, अगरबत्ती किंवा मेणबत्ती नको. पाणी डिस्टिल्डच घालावे, नळाचे नाही. काम करताना हातातली अंगठी आणि घड्याळ काढावे. तार सोडताना आधी वजा टोकाची सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. तेजाब डोळ्यात गेले तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. सांडलेल्या तेजाबावर खाण्याचा सोडा टाकावा.

आणखी एक गोष्ट. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये २३० व्होल्ट असतात. मेन बंद आहे या भरवशावर वायरला हात घालू नये. इन्व्हर्टरही बंद करावा.

आग लागलीच तर

आधी माणसे बाहेर काढा, हाका मारून झोपलेल्यांना उठवा. हाताशी असेल तर मेन स्विच पाडा. धुरणारी बॅटरी हातात उचलू नका. तिचा धूर विषारी असतो. १०१ किंवा ११२ ला फोन करा. छोट्या अवजाराची बॅटरी असेल, वीज तोडलेली असेल आणि आपली वाट मोकळी असेल तरच दुरून भरपूर पाणी मारा, कारण सेल थंड होणे जरुरीचे असते. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती लगेच आत आणू नका. स्कूटरची बॅटरी पेटली तर विझवण्याच्या फंदात न पडता दूर व्हा.

जुनी बॅटरी कतरणीबरोबर किंवा कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे विचारणा करून तेथेच द्यावी.

आमच्याकडे शुक्रवारी काम बंद असते. गुरुवारी संध्याकाळी हिशेब झाला की आम्ही स्वतः सर्व चार्जर, बॅटऱ्या आणि दाराची वाट पाहून घेतो. दहा मिनिटे लागतात. हे काम नोकरावर सोडत नाही. जे आपल्या छताखाली झोपतात, त्यांची हिफाजत हे मालकाचेच काम आहे. वाचक बंधूंनी या आठवड्यात आपल्या कारखान्यात एकदा तरी दाराजवळचा बोर्ड पाहावा, एवढीच विनंती.