वाल उपटू नये, कापावा

चि. निखिल यास,


भात निघाल्यावर यंदा खाचरं ओस न टाकता तिथे वाल आणि थोडा हरभरा करायचा, असं तू ठरवल्याचं वहिनीच्या फोनवरून कळलं. बेत चांगला आहे. त्यासाठी सांगून ठेवलेला ट्रॅक्टर मात्र सगळ्या रानाला नको म्हणून आजच कळव.

चिखलणीत मातीची घडण मोडते. पाणी आटलं की तीच जमीन विटेसारखी घट्ट होते. तिच्यात कोरड्यात नांगर घातला तर ढेकळं निघतात आणि उरलीसुरली ओलही उडून जाते. कोकणातलं रब्बीचं कडधान्य जगतं ते याच ओलीवर. रायगडातला कडवा वाल भातामागून असाच, वरचं पाणी न घेता पिकत आला आहे. भंडारा-गोंदियाकडे तर लाखोळीचं बी उभ्या भातातच फोकतात, तिथे नांगराचा प्रश्नच येत नाही. संवर्धित शेतीचे नियम तीनच आहेत: माती कमीत कमी हलवायची, ती काडीकचऱ्याने झाकलेली ठेवायची आणि पिकांची फेरपालट करायची. कडधान्य या तिसऱ्या नियमात बसतं, पण पहिले दोन पाळले नाहीत तर त्याचा निम्मा फायदा हातचा जातो.

हे बघायला तुला लांब जायची गरज नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली भाताची पद्धत ‘एसआरटी’ या नावाने राज्यभर पोचली आहे. तिच्यात चिखलणी नाही, राब भाजणं नाही, लावणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने 25 सेंटिमीटरवर भोकं पाडून भात टोकायचा, आणि कापणी झाली की चुडांची मुळं जमिनीतच ठेवून त्याच वाफ्यावर पुढचं पीक घ्यायचं. मुळं जागेवर कुजली की त्यांच्या वाटेने हवा आणि पाणी खाली उतरतं, गांडुळं वाढतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनीही ऊस आणि भातशेतीच्या अनुभवावरून हेच मांडलं: मुळं उपसून फेकू नयेत, जिथली तिथे कुजू द्यावीत. कडधान्याला तर अशी जमीन फारच मानवते. त्याच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना हवा लागते, पाणी तुंबलेल्या रानात गाठी नीट धरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. कडधान्य केलं की जमिनीत नत्र आपोआप साठतं, असं गावात सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देतात, पण दाणा भरताना त्यातलं बरंचसं दाण्यात जातं आणि पोत्यातून घरी येतं. जमिनीच्या वाट्याला उरतात ती मुळं, गाठी आणि गळलेला पाला. आपल्याकडे वाल काय, हरभरा काय, पहाटेच्या दवात समूळ उपटून खळ्यावर नेतात. म्हणजे उरलेलंही आपणच उचलून नेतो, आणि झोडपल्यावरचा भुसा गोठ्यात जातो. म्हणून झाड विळ्याने जमिनीलगत काप. मजुरांना हे एकदा सांगून भागणार नाही, पहिल्या दिवशी बांधावर उभं राहावं लागेल. भुईमूग उपटल्याशिवाय निघत नाही, तेव्हा सुरुवातीला तो नको.

बियाण्याकडेही तेवढंच लक्ष हवं. रायझोबियमचं पाकीट पिकाप्रमाणे वेगळं असतं. हरभऱ्याचं वालाला चालत नाही. ज्या खाचरात हरभरा कधीच झालेला नाही, तिथल्या मातीत त्याचे जिवाणू पुरेसे असतील असं धरून चालू नकोस. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम संवर्धक चोळून बी सावलीत सुकव. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. युरियाचा हात आखडता घे, आयतं नत्र मिळालं की झाड गाठी कमी धरतं. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने दोन-तीन झाडं मातीसकट अलगद काढून गाठ नखाने फोड. आत गुलाबी दिसलं तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर समज, जिवाणू काम करत नाहीत.

अडचणी आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नांगर थांबला की पहिली दोन-तीन वर्षं तण डोकं वर काढतं. एसआरटी करणारे बरेच जण कापणीनंतर ग्लायफोसेट मारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने ते परवानाधारक कीडनियंत्रकांखेरीज इतरांनी वापरण्यावर बंधन घातलं. तुझं रान थोडं आहे, तेव्हा खुरपणी आणि पेंढ्याचं आच्छादन यांवर निभावून ने. पेंढा म्हशीलाही लागतो, म्हणून सगळा अंथरू नकोस. पाच-सहा गुंठे झाकले तरी फरक तुझा तुला दिसेल.

गुरांचा प्रश्न याहून अवघड. भात निघाला की गावची गुरं मोकळी सुटतात. आफ्रिकेतल्या मलावीतही हेच दुखणं आहे. तिथे हेक्टरभराहून कमी जमीन असलेले शेतकरी भुईमुगात तूर घेतात. तूर सुरुवातीला सावकाश वाढते, तोवर भुईमूग निघून जातो, आणि पुढे तिचा पाला जमिनीवर गळत राहतो. पण आसपासचा मका काढल्यावर शेळ्या मोकळ्या सुटतात आणि उभी तूर खाऊन टाकतात. त्याच मलावीकडून दरवर्षी 50 हजार टन तूर घेण्याचा करार भारताने 2021 मध्ये केला. आपल्या डाळीतला काही वाटा अशा रानांतून येतो. एकट्याने कुंपण घालणं तिथल्या शेतकऱ्यांना परवडत नाही आणि तुलाही परवडणार नाही. शेजारच्या चार-पाच खाचरवाल्यांना वालासाठी तयार कर, म्हणजे राखण वाटून घेता येईल. गुरं कधीपर्यंत बांधून ठेवायची हे गावकीत दिवाळीआधी ठरव, पेरणीनंतर कोणी ऐकत नाही.

पुढच्या खरिपासाठी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात कर्जत-3 सारख्या हळव्या वाणाची चौकशी कर. भात लवकर निघाला की वालाला ओल जास्त मिळते. यंदा सगळ्या रानात हात घालू नकोस. दहा गुंठे बिननांगराचे, शेजारी दहा नांगरून, आणि दोन्हींचा खर्च नि माल वेगळा लिहून ठेव. पोपटी भाजण्यापुरत्या शेंगा काढल्यास तर त्याही वहीत मांड.

वहिनीला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या