आभाळ पाहा, पण फवारा तास पाहून

आमच्या लातूर भागात 2023 च्या ऑगस्टनं पावसाची मोठी ओढ दिली. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. उघडीप लांबली तशी पांढरी माशी वाढली आणि सप्टेंबरात सोयाबीनची वावरंच्या वावरं पिवळी पडली. पाणी कमी पडलं, लोह कमी पडलं, असं म्हणत कित्येकांनी विद्राव्य खतं फवारली. रोग होता पिवळा मोझॅक. तो पसरवणारी माशी पानाखाली बसलेली. रोग लागलेलं झाड बरं होत नाही. म्हणून खंड पडला की पानं उलटून बघा, पिवळे चिकट सापळे लावा आणि पहिली पिवळी झाडं उपटून गाडून टाका.

झड लागली की धोका बदलतो. जोराच्या सरीत बारीक अळ्या धुऊन जातात. रिमझिम आणि ढगाळ, दमट हवेत मात्र उंटअळी, तंबाखूवरची अळी फोफावतात. 2008 साली तंबाखूवरच्या अळीनं राज्यात सोयाबीनचा फडशा पाडला, त्यानंतरच सरकारचा क्रॉपसॅप हा कीड-सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. ही अळी लहानपणी घोळक्यानं एकाच पानावर असते. पानाचा हिरवा भाग खरवडून ती त्याची जाळी करते. बांधावरून पांढुरकं दिसणारं ते पान अळ्यांसकट तोडून नष्ट केलं, तर पुढचं बरंच नुकसान टळतं.

दमट हवा आपल्या बाजूनंही काम करते. पानाला चिकटून मेलेल्या, आधी पांढऱ्या आणि मग हिरवट भुकटीनं माखलेल्या अळ्या दिसल्या, की मित्रबुरशी कामाला लागली असं समजा. अशा वेळी एका दुकानदारानं मला कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच पंपात मारायला सांगितलं. मी ते घेतलं नाही. गरज नसताना बुरशीनाशक मारलं तर ही मित्रबुरशीच मरते.

हवा बदलली की पिकाच्या दोन तासांच्या (ओळींच्या) मधे कापड अंथरा आणि झाडं हलवा. वावरात चार-पाच ठिकाणी असं करा. मीटरभर तासात सरासरी 3-4 अळ्या पडल्या, तरच शिफारशीचं एकच औषध घ्या आणि पावसाची उघडीप बघून फवारा. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला, एवढं कारण पुरेसं नाही.