पाहुण्याशी इंग्रजी बोलताना: कॅन, विल, मे, मस्ट आणि त्यांचे जोडीदार



समजा, सेमाडोहला तुम्ही दोन खोल्यांचा होमस्टे सुरू केला. बंगळुरूहून फोन येतो: परतवाड्याहून घ्यायला याल का? इथं व्याकरणाचे मार्क नाहीत, पण एका शब्दाच्या फरकाने बुकिंग जाऊ शकतं.

आधी रचना समजून घ्या

मराठीत आपण 'बोलून टाकतो', 'बसून राहतो'. 'टाकणे' जोडलं की अर्थ बदलतो. इंग्रजीतही तसंच. 'पिक' म्हणजे निवडणे, 'पिक अप' म्हणजे गाडीने घ्यायला जाणे. यालाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

आपलं 'शकतो' शेवटी येतं आणि बदलतं: शकतो, शकते, शकतात. इंग्रजीतलं 'कॅन' क्रियापदाच्या आधी येतं आणि कोणासाठीच बदलत नाही. पुढचं क्रियापदही मूळ रूपातच राहतं. 'ही कॅन पिक्स अप' नाही, 'कॅन टू पिक अप' तर नाहीच.

'यू' कुठे बसवायचं?

'वुई कॅन पिक यू अप.' यू, हिम, देम असे छोटे शब्द मध्येच बसतात. 'पिक अप यू' चूक. सामानाचं नाव असेल तर दोन्ही चालतं: 'पिक अप युवर बॅग' किंवा 'पिक युवर बॅग अप'. पण काही जोड्या तुटत नाहीत: 'वुई विल लूक आफ्टर यू', म्हणजे तुमची काळजी घेऊ.

शब्द बदलला की जबाबदारी बदलते

- 'वुई कॅन पिक यू अप': येऊ शकतो, तुम्ही सांगा.
- 'वुई विल पिक यू अप': येणारच. हा शब्द दिला, भाऊ! गाडी पक्की नसेल तर 'विल' वापरू नका.
- 'वुई मे रन आउट ऑफ रूम्स': खोल्या संपू शकतात. सुट्ट्यांच्या दिवसांत आगाऊ बुकिंगसाठी कामाचं वाक्य.
- 'यू शुड सेट आउट अर्ली': लवकर निघालेलं बरं. हा सल्ला आहे, हुकूम नाही.

आता मेळघाटातला नेहमीचा प्रश्न: वाघ दिसेल का? 'यू विल सी अ टायगर' असं कधीच म्हणू नका. 'वुई मे कम अक्रॉस अ टायगर' म्हणा, म्हणजे वाघ समोर येऊ शकतो. वाघ नाही दिसला तरी पाहुणा तुम्हाला खोटं ठरवणार नाही.

सर्वात धोक्याची जोडी

'यू मस्ट नॉट गेट आउट ऑफ द जीप': उतरायचंच नाही.
'यू डोन्ट हॅव टू गेट आउट ऑफ द जीप': उतरलं नाही तरी चालेल, म्हणजे मर्जी तुमची!

जंगलात दुसरं वाक्य बोललात तर पाहुणा खरंच खाली उतरेल. ते वाक्य खोलीच्या कामाचं: 'यू डोन्ट हॅव टू चेक आउट बिफोर ब्रेकफास्ट', नाश्त्याआधी खोली सोडायची गरज नाही.

आजचा गृहपाठ

तुमच्या धंद्यातली पाच वाक्यं लिहा. चहाची टपरी असो, गाडी असो की खानावळ. प्रत्येक वाक्यापुढे मराठीत लिहा: शक्यता, शब्द, सल्ला की मनाई? मग मोठ्याने दहा वेळा म्हणा. जमतंय ना? मग उद्याच्या फोनला घाबरायचं काऊन?