पत्ता वाचता आला पाहिजे

स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेसची साइट चालवताना आणि मित्रमंडळींच्या साइट लावून देताना पर्मालिंकबद्दल, म्हणजे पानांच्या पत्त्यांबद्दल, जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. पहिला लेख टाकण्याआधी रचना ठरवा. सेटिंग्जमध्ये पर्मालिंकचं पान असतं, तिथे ‘पोस्ट नेम’ निवडलं की झालं. ‘प्लेन’ ठेवलंत तर पत्त्यात प्रश्नचिन्ह, पी आणि एक आकडा. लेख मोदकांचा की आयकराचा, कळायला मार्ग नाही. तारखेची रचना बातम्यांना शोभते. पाककृतीच्या पत्त्यात २०१४ दिसलं की वाचक ती शिळी समजतो.

२. मुखपृष्ठ उघडतंय, आतलं एकही पान उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी ‘सापडलं नाही’ हे कोण सांगतंय ते आधी बघा. साइटच्याच रंगरूपातलं ४०४ दिसलं, तर मागणी वर्डप्रेसपर्यंत पोचली आहे. पर्मालिंकच्या पानावर काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबा. नियम नव्याने लिहिले जातात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पांढऱ्या पानावर कोरडं ‘नॉट फाउंड’ आलं, तर मात्र सर्व्हरने दारातच अडवलंय. अपाचे असेल तर मॉड-रीराइट चालू आहे का पाहा, मग अलाऊ-ओव्हरराइड. उबुंटूवर नव्याने बसवलेल्या अपाचेत ते ‘नन’ असतं. तोवर डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये काहीही लिहा, अपाचे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ‘ऑल’ करून अपाचे रीस्टार्ट करा.

३. एनजिनएक्सवाल्यांनी त्या फाइलच्या वाटेला जाऊच नये. तो ती वाचत नाही. साइटच्या कॉन्फिगमध्ये ट्राय-फाइल्सची एक ओळ पुरते: मागितलेली फाइल असेल तर द्या, नसेल तर इंडेक्स डॉट पीएचपीकडे पाठवा.

४. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत बनवतं. ब्राउझरच्या पट्टीत तो झकास दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की बहुधा टक्केचिन्हांची माळ होते. कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात एकेका बाइटची ३ अक्षरं होतात. म्हणजे चिन्हामागे ९, आणि काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजायची. ‘पुरणपोळी’ची चिन्हं ८, पत्त्यात अक्षरं ७२! वर्डप्रेसच्या डेटाबेसात या भागाला जागा २०० अक्षरांची; त्यामुळे साधारण २२ चिन्हांनंतर शीर्षक कापलं जातं, प्रसंगी शब्दाच्या मधोमध. म्हणून मी रोमन लिपीत तीन-चार शब्द हाताने लिहितो. यावर नाकं मुरडणारे भेटतात. मुरडोत बापडे, लेख मराठीतच आहे, आणि पत्ता फोनवरून सांगता येतो.

५. शब्दांच्या मधे हायफन. अंडरस्कोर नको, लिंकच्या अधोरेषेत तो लपतो.

६. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच सांगितलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. तरी बदलायचेच असतील, तर एखाद्या लेखाचं नाव बदलल्यावर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेतं. अख्खी रचना बदलताना मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. ३०१चे नियम स्वतः लिहा. ३०२ तात्पुरत्या बदलासाठी असतो, तो इथे कामाचा नाही. आणि ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, तेव्हा जुने पत्ते तपासताना खासगी विंडो उघडा.