खोकल्याची बाटली की थुंकीची तपासणी?

खोकला सुरू झाला की पाटोद्यातही पहिली धाव मेडिकलकडे असते. दुकान जवळचे, माणूस ओळखीचा, रांग नाही. बाटलीने दोन दिवस बरे वाटते, पुन्हा खोकला येतो. असाच महिना जातो आणि ऊसतोडीला निघायची वेळ येते.

आम्ही सांगतो ते एवढेच : खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला, वजन घटले, तर बाटली बदलत बसू नका. आशाताईंना सांगा, ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार साधारण ६ महिन्यांचा असतो. त्या काळात सकस आहारासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात.

उचल घेतली असेल, तर निघण्याआधी दवाखान्यात कळवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तेच औषध पुढे चालू ठेवता येते. औषध अर्धवट सोडले, तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. आणि कोपीत तर लेकरे शेजारीच झोपतात.

मेडिकलवाले, किराणावाले, गिरणीवाले यांनाही विनंती. गिऱ्हाईक सतत खोकताना दिसले, तर एवढे विचारा, "थुंकी तपासली का?"