बाहुलीचे न्हाणे

लहान पोराला एखादी कापडी बाहुली आवडली, की ती त्याच्या हातून सुटत नाही. जेवताना बाहुली, निजताना बाहुली. कुणाजवळ हत्ती असतो, कुणाजवळ जत्रेतून आणलेले केसाळ अस्वल. या अस्वलाला आता खेड्यातही टेडी म्हणतात. हे नाव अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावरून पडले. त्यांना लोक टेडी म्हणत. १९०२ साली शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला होता. असो.

ही बाहुली अंगणात लोळते. शेळी तिला चाटते. मग तीच पोराच्या तोंडात जाते. लाळ, दूध, खरकटे लागून ती चिकट होते. धूळ आत बसते. दमा असलेल्या पोराला ही धूळ फार बाधते. तेव्हा बाहुली धुतलीच पाहिजे.

पण आधी पोराचा विचार करावा. पुष्कळ घरी काय होते? पोर झोपले की आई बाहुली उचलते आणि धुण्यात टाकते. पोर उठते, बघते तर बाहुली नाही! मग रडून आकांत. "एवढं काय त्या चिंध्यांचं?" असे मोठी माणसे म्हणतात. आम्हांला हे बोलणे पटत नाही. इंग्लंडात डोनाल्ड विनिकॉट नावाचे मुलांचे डॉक्टर होते. १९५३ साली त्यांनी याच गोष्टीवर लेख प्रसिद्ध केला. आई जवळ नसली, की अशी वस्तू पोराला धीर देते, असे त्यांनी सांगितले. तिचा मळका वाससुद्धा पोराच्या ओळखीचा असतो. ती धुतली की पोराची ओळख तुटते. हे जाणून आई ती मळू देते, असेही त्यांनी लिहिले आहे.

मग करावे काय? धुवावी, पण पोराच्या देखत. "चल, बाहुलीला न्हाऊ घालू," असे म्हणावे. त्याच्या हाती तांब्या द्यावा. वासाचा साबण वापरू नये. जाड बाहुली एका दिवसात वाळत नाही. त्या रात्री आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पोराजवळ द्यावा.

आता बाहुलीच्या पोटात काय आहे, ते दाबून बघा. घरच्या बाहुलीत चिंध्या नाहीतर कापूस असतो. कापूस भिजला की त्याचे गोळे होतात आणि आत ओल राहते. ही बाहुली अख्खी भिजवू नये. पाठीची शिवण उसवावी. कापूस काढून उन्हात घालावा आणि हाताने पिंजावा. गादीचा कापूस पिंजतात, तसाच. चिंध्या असतील तर उकळून घ्याव्या. नुसते कापड धुऊन, वाळवून पुन्हा भरावे. बाजारच्या खेळण्यात बहुधा कृत्रिम धाग्याचा भर असतो. तो पाण्याने फारसा बिघडत नाही. पण खेळणे बोलत असेल, गात असेल, तर आत सेल आहे. तो डबा काढल्याशिवाय पाण्यात घालू नये. काही खेळण्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो पोराने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. तडक इस्पितळ गाठावे.

रंग जातो का, तेही बघावे. ओले पांढरे फडके बाहुलीच्या तळपायावर घासावे. फडक्याला रंग लागला, तर असली बाहुली तोंडात घालणाऱ्या पोराला देऊच नये.

धुणे सोपे आहे. स्वच्छ घमेल्यात कोमट पाणी घ्यावे. साबणाची पूड चिमूटभरच टाकावी. जास्त टाकली तर ती आत राहते आणि पोराच्या तोंडात जाते. हाताने हळूहळू दाबावे. दगडावर आपटू नये, पिळू नये. फेस येईनासा होईपर्यंत तीन-चार पाणी बदलावे. फवारणीच्या औषधाची बादली मात्र या कामाला कधीही घेऊ नये, मग ती कितीही धुतलेली असो. गोचिडाचे औषधही बाहुलीला लावू नये. ते विष आहे.

घरात खरूज असेल, तर बाहुली पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर दूर ठेवावी. माणसाच्या अंगावाचून खरजेचा किडा सहसा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

खरे काम वाळवण्याचे. बाहुली कोरड्या पंचात गुंडाळून दाबावी, म्हणजे पुष्कळ पाणी निघते. मग बाजेवर ठेवावी. बाजेला खालूनही वारा लागतो. मधूनमधून उलटावी. कानाला धरून टांगली तर कान लांबतो! चुलीजवळ ठेवू नये, कृत्रिम केस लगेच पेट घेतात. वरून कोरडी दिसली तरी फसू नये. जोराने दाबून गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत ओल आहे. तशीच दिली तर आत बुरशी धरते, कुबट वास येतो. श्रावणात म्हणून जाड खेळणी भिजवूच नयेत. साबणाच्या पाण्यात फडके पिळून वरवर पुसावी, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसावी.

वाळल्यावर डोळे ओढून बघावे. डोळ्याचे बटण सैल असेल, तर ते कापून टाकावे. तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या घशात असले बटण अडकू शकते. त्या जागी काळ्या दोऱ्याने डोळे काढावे. शिवणीला बारीक टाके घालावे. हे काम बापालाही जमते. आणि बाहुली पोराच्या हाती देण्याआधी सुई परत डबीत गेली ना, ते पाहावे.